रविवारी येणारी माणसं

९ जानेवारी

मामी,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे दुखत असतील तर आशीर्वाद बसूनच दे.

पोचल्याचं दोन ओळींचं कार्ड मिळालं असेल. हे खरं पत्र. फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी "पोचले" म्हटलं आणि तू "कोण खोकलं?" म्हणून विचारत राहिलीस. तेव्हाच ठरवलं, आपलं आता कागदावरच बरं.

खोली चौथ्या मजल्यावर आहे. एवढीशी, की खुर्ची मागे ओढायची तर आधी दार लावावं लागतं. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, तिच्यावर एक पाइप, पाइपावर कबुतरं. घरमालकीण चांगली आहे. म्हणजे दिसत नाही.

कामाचं विचारलं होतंस. लढाईमुळे नाहीतर पोटासाठी आपला देश सोडून या शहरात आलेली जी माणसं आहेत, त्यांच्या घरी जायचं आणि तब्येत विचारायची. झोप लागते का, कुठे दुखतं का, दुखलं तर डॉक्टरकडे जाता का, की नुसतं सोसता. मग मनाचं विचारायचं. एकटं वाटतं का? गेल्या आठवड्यात कुणाशी पोटभर बोललात का? आणि शेवटी, एकूण आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल? हे सगळं गोळा करून विद्यापीठ सरकारला सांगणार, दवाखाने कुठे हवेत आणि कसे हवेत. ऑफिसातले चेष्टा करतात, "तूही आमच्याच अभ्यासात बसतेस, तुलाही विचारायला हवं." मी हसते.

माझ्याबरोबर एक दुभाषी असतात. त्यांच्या देशात ते शाळेत भूगोल शिकवायचे. माणसं त्यांच्या भाषेत बोलतात, हे ऑफिसच्या भाषेत मला सांगतात आणि मी मनात आपल्या भाषेत ऐकते. एकेक दुखणं तीन घरं फिरून माझ्यापर्यंत येतं.

काल भेटलेली बाई तुला आवडली असती. नावं कुठे लिहायची नाहीत असा आमचा नियम आहे, म्हणून मी तिला शिंपीणबाई म्हणते. जुने कपडे दुरुस्त करून देते. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी मशीन, फळीवर सहा कप उलटे ठेवलेले. मी विचारलं, "एकटं वाटतं का?" तर हसत सुटली. "रविवारी या, बसायला जागा मिळाली तर सांगा!" गल्लीतल्या बायका येतात म्हणे, चहा होतो, गाणी होतात. झोप छान, भूक छान, दुखणं काही नाही. दहापैकी नऊ. "दहावा का नाही?" विचारलं, तर म्हणाली, "दहावा देवाला."

दिवसभर रडवेल्या खोल्यांतून फिरल्यावर मला तिथून उठवेना.

माझी काळजी करू नकोस. ऑफिसात अकाउंट्सला एक मुलगी आहे, तिच्याशी जमलंय. रविवारी ती माझ्याकडे येते, आम्ही मिळून स्वयंपाक करतो. तू कशी आहेस? कानाचं मशीन घालतेस ना?

तुझी,
ठकू


२८ जानेवारी

ठकू,

आशीर्वाद आहेतच. तुझे मामा होते तेव्हा ते अर्धे द्यायचे, आता सगळे मलाच द्यावे लागतात.

पत्र पोस्टमननं हातात दिलं. काहीतरी बोललाही, मी मान हलवली. हल्ली सगळ्यांना मान हलवते. त्यामुळे मागच्या आठवड्यात फुलकोबीचे दोन गड्डे जास्त आले.

कानाचं मशीन घालते. कधी कधी.

माझं उत्तम चाललंय. खालच्या वहिनी संध्याकाळी येतात, पेपरातलं मोठ्यानं वाचून दाखवतात आणि वाचता वाचता स्वतःच चिडतात, त्यामुळे करमणूक होते. वाचनालयातही जाते. तिथली बाई माझ्यासाठी मोठ्या टाइपाची पुस्तकं बाजूला काढून ठेवते. तेव्हा तू तिकडे बसून माझ्या नावानं सुस्कारे सोडू नकोस.

तुझी शिंपीणबाई आवडली. काही माणसं असतातच तशी. कुठेही टाका, मूळ धरतात. मी नर्स होते तेव्हा आमच्या वॉर्डात अशा बाळंतिणी यायच्या, शेजारच्या खाटांवरच्या सगळ्या बायका दोन दिवसांत त्यांच्या बहिणी होऊन जायच्या. मला ते कधी जमलं नाही. मी नुसती ओरडायची.

पण एक सांग. तुम्ही एवढं विचारता, आणि विचारून झाल्यावर काय? उठता आणि निघता? आमच्याकडे निदान विचारल्यावर काहीतरी हातात द्यायचो. गोळी, नाहीतर पाणी, नाहीतर बाळ.

अकाउंट्सच्या मुलीला माझे आशीर्वाद. काय रांधता दोघी? तुला तर अंडं उकडताना घड्याळ लागायचं.

मामी


३ मार्च

मामी,

विचारून झाल्यावर उठतो आणि निघतो, हे खरं आहे. तुझं वाक्य मी आमच्या प्रमुख बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मामींना सांग, आमची गोळी उशिरा लागू पडते." त्या वाईट नाहीत गं. बारा गावचं पाणी प्यायलेली बाई आहे, छावण्यांतून राहिलेली. त्यांना फक्त एका माणसाकडे फार वेळ बघायची सवय राहिलेली नाही.

शिंपीणबाईची कहाणी त्यांना फार आवडली. परक्या गावातही शेजार मिळाला की माणसाची तब्येत कशी टिकते, याचं उदाहरण म्हणून अहवालात तिच्यावर एक अख्खं पान टाकायचं आहे. त्यासाठी काल पुन्हा गेले. तिनं माझ्या कोटाचं फाटलेलं अस्तर बघितलं, न विचारता काढून घेतलं आणि मी प्रश्न विचारेपर्यंत शिवूनही टाकलं. मी म्हटलं, "आमच्याकडे भेटवस्तू घ्यायला मनाई आहे." दुभाषींनी ते सांगितलं. ती म्हणाली, "अस्तर आतल्या बाजूला असतं, कोण बघतंय?"

नवीन काही नाही, सगळं छान. फक्त या वेळी उजव्या पायात चप्पल होती आणि डाव्या पायाला फडकं गुंडाळलं होतं. नवा बूट चावला म्हणाली. "दुखतं का?" विचारलं तर म्हणाली, "छे, कळतसुद्धा नाही."

बाहेर पडल्यावर दुभाषी जिन्यात थांबले. म्हणाले, "आमच्या भाषेत 'छान' म्हणायचे पुष्कळ शब्द आहेत. ही एकच वापरते." मी म्हटलं, "म्हणजे?" ते म्हणाले, "म्हणजे काही नाही. मास्तर होतो, खोड जात नाही."

परवाच्या रविवारी अकाउंट्सवालीबरोबर तळ्यावर गेले होते. थंडी होती, पण मजा आली. बदकं होती. मग सूप प्यायलो.

तुझ्या वहिनी कशा आहेत? त्यांना सांग, माझ्या वाटचंही चिडत जा.

ठकू


२१ मार्च

ठकू,

हे पत्र लहान आहे, लगेच टाकायचं आहे.

जखम आहे आणि कळत नाही, असं म्हणणारा पाय मला आवडत नाही. त्या बाईला पाणी फार लागतं का? सारखी उठते का? फडकं कोरडं होतं की ओलं? वास? तू बघितलं नसशील. तू चेहरा बघत बसली असशील. तिला डॉक्टरकडे ने. नियम असेल तर नियमाला म्हणावं, थोडा वेळ बाहेर बस.

आणि काय गं, तुझी ही अकाउंट्सवाली मुकी आहे का? तळ्यावर नेलीस, सूप पाजलंस, पण दोन पत्रांत तिच्या तोंडून एक वाक्य आलं नाही. तुझ्या शिंपिणीचं बोलणं मला पाठ झालं. त्या भूगोलवाल्या मास्तरांचंसुद्धा. हिचंच नाही.

आधी पाय. मग मला लिही.

वहिनींचा नमस्कार.

मामी


१६ एप्रिल

मामी,

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी गेले. दुभाषी दुसऱ्या भागात होते, म्हणून एकटीच.

दार ठोठावलं. मशीनचा आवाज नाही. खालच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांना विचारलं, "वरच्या बाई मैत्रिणींकडे गेल्या असतील का?"

"कुठल्या मैत्रिणी?" ते म्हणाले.

"रविवारी येतात त्या."

"अहो, या जिन्यावर तिच्याशिवाय कुणाचे पाय वाजत नाहीत. कपडे द्यायला येतात तेसुद्धा खालूनच हाक मारतात, ती खिडकीतून टोपली सोडते. गाणी मात्र म्हणते. एकटीच."

इमारतीच्या रखवालदाराला बोलावून दार उघडून घेतलं. ती खाटेवर होती, अंगात ताप. फडकं ओलं होतं आणि वासही होता, तू विचारलेलं सगळंच होतं. मला बघून ती उठायला लागली, चहा करायला. फळीवरचे कप तसेच उलटे होते. एक सोडला तर बाकीच्यांवर धूळ.

ॲम्ब्युलन्स आली. शुगर इतकी वाढलेली, की डॉक्टरांनी मलाच विचारलं, "इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मामी, मी तिच्यासमोर दोनदा बसले होते. हातात कागद घेऊन, तब्येतीचे प्रश्न विचारत.

पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

संध्याकाळी दुभाषी आले. तिनं त्यांची बाही धरली आणि बोलत सुटली. ते नुसतं ऐकत होते, मला काही सांगेनात.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, हे लिहू नका."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. तिची एक मुलगी आहे. निघताना वाटेत ताटातूट झाली, ती सीमेपलीकडच्या छावणीत आपल्या आत्याजवळ राहिली. तिला इथे आणायची परवानगी हिनं मागितली आहे. हिला वाटलं, आम्ही त्याच ऑफिसची माणसं. आजारी बाई, जवळ कुणी नाही, हिच्या हवाली मुलगी कोण करील? म्हणून नऊ गुण. म्हणून गल्लीभरच्या बायका.

"पण आपण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना," मी म्हटलं, "की हे कुठल्याही ऑफिसात जात नाही?"

"सांगितलं होतं. मीच सांगितलं," ते म्हणाले. "ती म्हणते, एवढं सगळं नुसतं माहीत असावं म्हणून कोण विचारतं?"

दुसऱ्या दिवशी प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी अहवालातलं ते पान काढून टाकलं. पण कोष्टकातले नऊ गुण बदलता येणार नाहीत म्हणाल्या. तिनं जे सांगितलं तेच तिचं उत्तर, आपण आपल्या मनानं दुसरं लिहू लागलो तर अभ्यास कसला? मी भांडले. त्या म्हणाल्या, "भांडतेस ते बरोबर आहे. मी नाही म्हणते तेही बरोबर आहे." शेवटी एवढं ठरलं, की ज्यांनी ज्यांनी सगळं छान म्हणून सांगितलं त्यांच्याकडे पुन्हा जायचं. कागद न घेता. आम्ही कोण आणि कोण नव्हे, एवढंच नीट सांगून यायचं, आणि जवळचा दवाखाना दाखवून यायचं.

तू वेळेवर लिहिलंस. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता.

अकाउंट्सवालीचं विचारलं होतंस. तिची बदली झाली. गेल्याच आठवड्यात गेली.

ठकू


५ मे

ठकू,

पाय वाचला हे दोनदा वाचलं. बोटांवाचून चालता येतं. सुरुवातीला तोल जातो, तिला काठी दे आणि काठी घ्यायला लाज वाटली तर ओरड. ओरडायला दुभाषी लागत नाही.

तू दोनदा समोर बसलीस आणि दिसलं नाही म्हणतेस. माणसानं दार आतून लावून घेतलं तर बाहेरच्यानं किती वाकून बघायचं? तुझ्याशी ती खोटं बोलली, कारण तिचं पोरगं तिकडे अडकलं होतं. आईचं खोटं पकडायला आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही जमायचं नाही.

आता तुझं.

बदली झाली म्हणे! बरं झालं, सुटली बिचारी. मला वाटलं होतं तू तिला लग्न लावून पाठवशील. ठकू, मी कानानं बहिरी आहे. अकाउंट्सला मुलगी असेलही, तुझ्याकडे बघून हसतही असेल. पण रविवारी तुझ्याकडे कुणी येत नव्हतं. बदकं मात्र खरी असावीत. बदकं कुणी खोटी लिहीत नाही.

मी रागावलेली नाही. रागवायला तोंड नाही मला. खालच्या वहिनींना त्यांच्या मुलानं तू गेलीस त्याच आठवड्यात नेलं. खाली आता कुलूप आहे. तुला कळवलं असतं तर तू नोकरी सोडून परत आली असतीस, नाहीतर न येता झुरत बसली असतीस. म्हणून मी त्यांना संध्याकाळी पेपर वाचायला बसवलं. वाचनालयात शेवटची गेले तेव्हा त्या बाईला हळूच काहीतरी विचारलं. मला वाटलं हळूच. सगळी माणसं माना वर करून बघायला लागली. तेव्हापासून गेले नाही. मशीन खणात आहे. त्यातून भांड्यांचा खडखडाट येतो, पंख्याची घरघर येते, माणूस काही येत नाही.

हे लिहिताना वाईट वाटतंय, आणि जरा हलकंही.

मला तिकडे ये म्हणू नकोस, मी येणार नाही. तू इकडे येऊ नकोस, तुझं काम अर्धं आहे. पण मी एक विचार केला आहे. मला ऐकू येत नाही, बोलता येतं. तुला दोन्ही येतं आणि तू एकही करत नाहीस. तर रविवारी सकाळी मी तुला फोन करीन. तू उचललास की माझ्या फोनवर सेकंद पळायला लागतात, ते मला दिसतं. मग मी बोलेन. तू ऐक. तुझं उत्तर नंतर कागदावर.

लोक म्हणतील म्हातारी भिंतीशी बोलते. म्हणू देत, मला ऐकू थोडंच येणार आहे.

मामी


२० मे

मामी,

फोन आला तेव्हा मी कपडे धूत होते. साबणाच्या हातानं उचलला. "हॅलो" म्हटलं आणि मग आठवलं.

तू आधी घसा साफ केलास. मग म्हणालीस, "सेकंद पळतायत, म्हणजे आहेस." आणि सुरू झालीस. नळाचा वायसर, समोरच्यांचा नवा कुत्रा, पोस्टमनला तू त्याचं लग्न ठरलं का म्हणून विचारलंस आणि त्याला दोन मुलं आहेत ते. किती मोठ्यानं बोलतेस गं! फोन टेबलावर ठेवून मी कपडे पिळले, वाळत घातले, तरी तू खोलीभर होतीस. घरमालकीण पहिल्यांदा वर आली. दारात उभी राहून विचारलं, "पाहुणे आलेत का?" मी म्हटलं, "मामी." तिनं खोलीत सगळीकडे बघितलं आणि मान हलवून खाली गेली.

शिंपीणबाई घरी आली आहे. काठी घेतली, ओरडावं लागलं नाही. तिला, दुभाषींना आणि प्रमुख बाईंना घेऊन मी मुलीच्या परवानगीच्या ऑफिसात गेले होते. आमच्या अभ्यासाचा आणि त्या अर्जाचा काही संबंध नाही हे त्या ऑफिसच्याच तोंडून तिला कळावं, म्हणून. तिथला कारकून सभ्य होता. त्यानं शोधून सांगितलं, तिचा अर्ज अजून कुणी उघडलेलाच नाही. रांगेत आहे. ज्यांच्यासाठी ती आमच्यासमोर आनंदी राहिली, त्यांना ती आहे हेच माहीत नाही. दुभाषींनी तिला हे सांगितलं तेव्हा ती हसली, मग खूप रडली, मग तिनं झोपेचं खरं उत्तर दिलं. मी लिहून घेतलं नाही.

आता रविवारी दुपारी मी तिच्याकडे जाते. दुभाषी नसतात, त्यामुळे आम्हाला बोलता येत नाही. ती शिवते. मी बटणं निवडून देते. मुलीचा फोटो आता भिंतीवर लावला आहे, आधी पेटीत होता. तिच्याकडे बोट दाखवून ती काही काही सांगते, मला एक शब्द कळत नाही. संध्याकाळी परत येताना रस्ता तितकाच लांब वाटतो, हे खरं सांगते. खोलीही तेवढीच आहे.

परवा फोन ठेवण्याआधी तू जरा थांबलीस. मला वाटलं संपलं. मग तू एकदम हळू आवाजात, म्हणजे तुझ्या मते हळू, विचारलंस, "ठकू, बरी आहेस ना गं?"

मी उत्तर दिलं. मोठ्यानं दिलं, दार उघडं होतं तरी. पण तुला ऐकू गेलं नसणार. तू "बरं, ठेवते" म्हणालीस आणि ठेवलास.

म्हणून इथे लिहिते. मी म्हटलं होतं, "नाही."

ठकू